चौघींतली चौथी

आमच्या घरात ‘ॲमीपणा’ नावाचा एक शब्द होता. तो मी आणला होता. धाकट्या बहिणीनं नव्या फ्रॉकसाठी हट्ट धरला, आरशासमोर जरा जास्त वेळ लावला, पाहुण्यांशी गोड बोलून दुसरा लाडू मिळवला, की मी म्हणायचे, “झाला हिचा ॲमीपणा सुरू.” पुस्तक वाचलं होतं मी एकटीनं, पण शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. आईनं तर त्या पुस्तकाचं एक पानही उघडलं नव्हतं, तरी तीही तो सर्रास वापरायची. तो शब्द मला आज परत घ्यायचा आहे.

पुस्तक म्हणजे लुईझा मे अल्कॉट यांचं, शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’: मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या मार्च बहिणींची गोष्ट. नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत ते मला बक्षीस मिळालं. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का आणि माझं नाव. त्या मे महिन्यात मी ते तीनदा वाचून काढलं. आमच्या घरी माळा होता. त्यावर पापडांचे डबे, जुनी गादी, तुटकी पाळण्याची कडी असं सगळं रचलेलं. त्यातच जागा करून मी वही घेऊन बसायला लागले, कारण ज्यो मार्च माळ्यावर बसून लिहायची. ज्यो पंधरा वर्षांची, उंच, अंगानं शिडशिडीत, शाईचे डाग पडलेली, आपण मुलगा का नाही म्हणून चरफडणारी. बाप युद्धावर आजारी पडलाय म्हटल्यावर ती आपले लांबसडक केस पंचवीस डॉलरना विकून येते. माझ्या वेण्या कमरेपर्यंत होत्या. रात्री उशीवर डोकं टेकलं की मी त्या मनातल्या मनात कापून टाकायचे.

बहीण तेव्हा अकरा वर्षांची. तिनं विचारलं, “ताई, त्यात मी कोण गं?”

“तू ॲमी.”

“छान आहे का ती?”

“ती ज्योची गोष्टींची वही चुलीत घालते.”

पुढं तिनं काही विचारलं नाही. चार बहिणींत तिला चौथी जागा दिली आणि ती जागा तिच्यासाठी कायमची झाली.

ज्यो मी सोडली नाही. मराठी शिकवायला लागले, मग मुलांच्या पुस्तकांवर लिहायला लागले, शाळांमधून वाचनाची शिबिरं घेतली. जवळजवळ वीस वर्षं मुलींच्या घोळक्यासमोर उभं राहून मी ज्योचं बोट धरून बोलत आले. मुलींनी कसं असावं? ज्योसारखं. मेग संसारात विरघळली, बेथ सोसत सोसत गेली, ॲमी नटवी आणि मतलबी. एका शिबिरात एक मुलगी हात वर करून म्हणाली होती, “मला ॲमी आवडली.” मी हसून म्हटलं, “पुन्हा एकदा वाच, म्हणजे कळेल.” तिनं हात खाली घेतला. शिबिराच्या उरलेल्या दोन दिवसांत तो हात पुन्हा वर आला नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात भाची, म्हणजे धाकटीची मुलगी, महिनाभर माझ्याकडे राहायला आली. बाराव्या वर्षात आहे. इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे तिच्या हातात मूळ ‘लिटल विमेन’ होतं. दुपारी जेवणं झाली की ती मोठ्यानं वाचायची आणि मी भाजी निवडत ऐकायचे. मध्येच अडली की अर्थ सांगायचे. असं करत करत आम्ही वही जाळण्याच्या प्रकरणाशी आलो. मेग आणि ज्यो शेजारच्या लॉरीबरोबर नाटकाला निघतात. ॲमीला बरोबर जायचंय, ज्यो तिला फटकारून मागं ठेवते. परत येते तोवर ॲमीनं तिची वही आगीत टाकलेली असते. पाच-सहा परीकथा, कित्येक वर्षांची मेहनत. मी नेहमीसारखी ज्योच्या बाजूनं कळवळले. पण भाची वाचत राहिली, कारण प्रकरण तिथं संपत नाही.

ते कळल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्यो आणि लॉरी नदीवर बर्फावर घसरायला जातात. ॲमी समेट करायला मागोमाग धावत येते. ज्योला ते दिसतं, ती मुद्दाम वळून पाहत नाही. लॉरी पुढं जाऊन ओरडतो की काठाकाठानं या, मधला बर्फ पातळ आहे. ज्योला ऐकू येतं, ॲमीला येत नाही. ज्योला हेही कळतं की ॲमीला ऐकू आलेलं नाही. तरी ती सांगत नाही. बर्फ फुटतो आणि बारा वर्षांची पोर गारठलेल्या पाण्यात जाते. लॉरी आडवा पडून तिला धरून ठेवतो आणि ज्यो कुंपणाचं लाकूड उपटून आणते, म्हणून ती वाचते.

भाचीनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. “मावशी, वही जाळणं मोठं की सांगायचं न सांगणं मोठं?”

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. हे प्रकरण मी किती वेळा वाचलं असेल याची गणती नाही. त्यावर भाषणं दिली होती. माझ्या डोक्यात आग पक्की होती, बर्फ जवळजवळ पुसट झाला होता. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ‘हो, ॲमी पाण्यात पडते, ज्योला फार वाईट वाटतं.’ पण ज्योनं इशारा ऐकून गिळला होता हे मी विसरले होते. लेखिका विसरली नव्हती. त्याच रात्री ती ज्योला आईच्या कुशीत रडायला लावते, आपल्या रागाची भीती वाटते असं तिच्या तोंडून वदवते. अल्कॉटबाईंनी ज्योला पाठीशी घातलं नव्हतं. घातलं होतं मी.

तिथून पुढं मी ॲमीचं प्रत्येक पान नव्यानं ऐकलं. बेथला लोहितांग ज्वर होतो तेव्हा लागण नको म्हणून ॲमीला आत्याबाईंकडे पाठवतात. त्या मोठ्या, थंड घरात घाबरलेली ती मुलगी आपलं मृत्युपत्र करून ठेवते. शब्द चुकलेले, वस्तू किरकोळ. त्यात ज्योच्या वाट्याला ती आपला अतिशय लाडका प्लास्टरचा ससा ठेवते आणि का तेही लिहिते: तुझी गोष्ट जाळली त्याचं मला वाईट वाटतं म्हणून. लहानपणी त्या पानावर मी ॲमीच्या चुकलेल्या स्पेलिंगांना हसले असणार. त्यातली माफी माझ्या लक्षातच राहिली नव्हती.

आणि ती लिंबं. शाळेत मुरवलेल्या लिंबांची फॅशन आलेली असते. ज्या मुलीनं दिली तिला परत द्यायची, नाहीतर अपमान. ॲमीवर उसनवारी चढलेली, मेग तिला पैसे देते, ती चोवीस लिंबं घेऊन वर्गात येते. बॉस्टनला ही लिंबं वेस्ट इंडीजहून खारवून यायची. अमेरिकेतल्या आजच्या मुलांना म्हणे ती काय हे समजावून सांगावं लागतं. आम्हाला कुणी समजावलं नाही. दप्तरात चिंचा, आवळे, मीठ-तिखट लावलेली कैरी घेऊन फिरणाऱ्या आम्हा मुलींना ते प्रकरण आपल्याच वर्गातलं वाटायचं. तिच्या तळहातावर छडी बसते, दोन दोन लिंबं खिडकीबाहेर टाकायला लावतात, मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांसमोर उभं करतात. बारा वर्षांच्या मुलीची प्रतिष्ठा कशी आणि कशाकशावर अवलंबून असते हे इतकं नेमकं लिहिलेलं पान मी दुसरं वाचलेलं नाही. गरिबीची लाज ॲमीला वाटते. ज्योला ती वाटत नाही, म्हणून आम्ही ज्योला शूर म्हटलं. ज्याला लाज वाटते आणि तरी वर्गात जावं लागतं त्याच्याजवळही काहीएक धीर असावा लागतो, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

तिच्यात दोष नाहीत असं म्हणायचं नाही. ती मोठे शब्द चुकीच्या जागी वापरते, नाक सरळ व्हावं म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावून झोपते, माणसं वर-खाली अशी मोजते. पण हीच मुलगी पुढं रोमला जाऊन मोठमोठी चित्रं-शिल्पं पाहते आणि स्वतःला सांगते की माझ्याजवळ हात आहे, प्रतिभा नाही. मग कलावंत व्हायचं स्वप्न ती आपल्या हातानं खाली ठेवते. आपल्या कुवतीकडे एवढ्या स्वच्छ नजरेनं पाहणं मला पन्नाशीतही जमलेलं नाही. श्रीमंत फ्रेड व्हॉनशी लग्न करायचं ती ठरवते, कारण घरात कुणीतरी पैसेवाल्याशी लग्न करायला हवं आणि थोरल्या तिघींकडून ते होणार नाही. हे ती लपवत नाही, घरी पत्रात लिहून कळवते. शेवटी त्याला नकारही तीच देते. २०१९च्या ग्रेटा गर्विगच्या सिनेमानं ॲमीला न्याय दिला असं पुष्कळजण म्हणतात. लग्न हा बायकांसाठी आर्थिक व्यवहार आहे, हे तिचं गाजलेलं बोलणं सिनेमातलं आहे, पुस्तकात नाही. मी तो सिनेमा तेव्हाच पाहिला होता आणि त्यानं माझं मत तसूभर हललं नव्हतं. मला पुस्तकानंच हलवायला हवं होतं, कारण चूक मी पुस्तकाच्या आधारानं केली होती.

एवढ्यावर हे एका पुस्तकाबद्दलचं मतपरिवर्तन राहिलं असतं. पण मग मी खरी ॲमी शोधायला गेले.

‘लिटल विमेन’ १८६८ मध्ये बॉस्टनला निघालं, दुसरा भाग पुढच्या वर्षी. टॉमस नाइल्स या प्रकाशकानं मुलींसाठी एक पुस्तक मागितलं होतं. लुईझा मे अल्कॉटना ते लिहायची मुळीच हौस नव्हती. मुली आपल्याला आवडत नाहीत आणि बहिणी सोडल्या तर फारशा माहीतही नाहीत, अशी नोंद त्यांनी तेव्हा करून ठेवली आहे. मग त्यांनी बहिणींवरच लिहिलं. थोरली ॲना झाली मेग, स्वतः लुईझा ज्यो, १८५८ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी गेलेली एलिझाबेथ झाली बेथ. धाकटी मे. इंग्रजीतली तिच्या नावाची तीन अक्षरं इकडची तिकडं केली की ॲमी होतं.

कॉन्कर्डमधलं त्यांचं घर, ऑर्चर्ड हाउस, आजही पाहायला मिळतं. मे आपल्या खोलीच्या भिंतींवर आणि चौकटींवर चित्रं काढायची. आईबापांनी ती पुसली नाहीत, अजून तिथं आहेत. गावातल्या एका मुलाला तिनं मातीकामाची हत्यारं दिली, पहिले धडे दिले. तो डॅनियल चेस्टर फ्रेंच. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकातला बसलेला लिंकन त्याचा. पुस्तकात ॲमी कला सोडते, खऱ्या आयुष्यात मेनं ती सोडली नाही. इंग्रज चित्रकार टर्नरच्या चित्रांच्या तिनं केलेल्या नकलांची कलासमीक्षक रस्किननं तारीफ केली. १८७७ मध्ये पॅरिसच्या सालों या चित्रप्रदर्शनात तिचं एक वस्तुचित्र लागलं. त्याच वर्षी चित्रकार मेरी कसाटची चित्रं सालोंनं नाकारली होती. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता, तो १८९७ मध्ये मिळाला. म्हणून मेनं १८७९ मध्ये एक छोटं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं: परदेशी जाऊन कला कशी शिकावी आणि तीही स्वस्तात. आपल्यासारख्याच, बेताच्या पैशात निघणाऱ्या मुलींसाठी.

आणि तिला स्वतःला पैसे कुठून आले? इथं मी वाचता वाचता थांबले. पुस्तकात ज्यो युरोपला जायचं स्वप्न वर्षानुवर्षं पाहते आणि आयत्या वेळी ते ॲमीच्या पदरात पडतं. भेटीला गेलेली ज्यो फटकळ बोलते, ॲमी नीट वागते, आणि कॅरोल आत्या ॲमीला नेते. या एका अन्यायाबद्दल मी ॲमीला कधी क्षमा केली नव्हती. प्रत्यक्षात लुईझानं मेला युरोपला पाठवलं. १८७३ मध्ये लंडनला, १८७६ मध्ये पुन्हा. पैसे ‘लिटल विमेन’चे. ज्योनं आपल्या लेखणीच्या कमाईतून ॲमीला चित्रकला शिकवली.

आता माझ्या घराबद्दल.

माझी बहीण लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढायची. वहीचे कागद वाया घालवायचे नाहीत असा घरचा दंडक, आणि पत्रिका तर ढिगानं यायच्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत तिला ‘अ’ श्रेणी होती. बारावीनंतर तिला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं होतं. मी तेव्हा पुण्यात एम. ए. करत होते, वसतिगृहात राहून. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, पगारात एका मुलीचं बाहेरगावचं शिक्षण जेमतेम निघत होतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा ओसरीवर बोलणी झाली. दादांनी मला विचारलं, “तुझं काय मत?” घरात माझ्या मताला वजन होतं, मी वाचणारी मुलगी होते. मी म्हटलं, “तिला हौस आहे, पण हौस वेगळी आणि शिक्षण वेगळं. चार दिवसांत कंटाळेल. ॲमीपणा आहे हा.”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

तिनं गावातच बी. कॉम. केलं. पुढं चांगल्या घरी लग्न झालं, नवरा समजूतदार आहे, सुखात आहे ती. दिवाळीत तिच्या दारातली रांगोळी बघायला आळीतली माणसं थांबतात. ती जे. जे.ला गेली असती तर काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही. रोममधल्या ॲमीसारखं तिनंही कदाचित स्वतःला सांगितलं असतं की पुरे. पण ते तिनं रोमला जाऊन सांगितलं असतं. मी ते तिच्या वतीनं ओसरीवर बसून सांगून टाकलं.

आपण ज्यांना बालसाहित्यातल्या अविस्मरणीय नायिका म्हणतो त्यांची यादी मी पुष्कळदा केली आहे. ज्यो. ग्रीन गेबल्सची ॲन, १९०८ ची, शब्दांवर जीव टाकणारी. रोआल्ड डाल यांची माटिल्डा, चार वर्षांची असताना वाचनालयातली मुलांची पुस्तकं संपवणारी. हर्मायनी, तिच्याबद्दल तर सांगायलाच नको. सगळ्या पुस्तकवेड्या. पुस्तकं लिहिणारी माणसं लहानपणी पुस्तकवेडी असतात, ती वाचणारी मुलंही पुस्तकवेडी, आणि याद्या करणारे आम्ही समीक्षकही त्यातलेच. त्यामुळे जी मुलगी वाचते ती नायिका, आणि जी चित्र काढते, शिवते, नाचते, चारजणांत गोड बोलून वाट काढते ती नायिकेची बहीण. याद्यांमधला हा पक्षपात मला इतकी वर्षं दिसला नाही, कारण तो माझ्या बाजूचा होता. ॲस्ट्रिड लिंडग्रेनची पिप्पी, जी शाळेत जाऊन बघते आणि हे आपल्याला नको म्हणून परत येते, ती मला नेहमी नुसती गमतीदार वाटायची. आता वाटतं, तिला मी कधी गांभीर्यानं घेतलंच नाही.

आणि शान्ताबाईंनी दिलेलं नाव! इंग्रजी नावाचं सरळ भाषांतर मराठीत चमत्कारिकच झालं असतं. त्यांनी म्हटलं ‘चौघीजणी’. त्यात कुणी लहान नाही, मोठी नाही, नायिका नाही. नुसती मोजणी, आणि त्या मोजणीत माया. मी मात्र त्या पुस्तकातून काय उचललं, तर आपण चारचौघींसारख्या नाही. हे वाक्य लोकांनी माझ्याबद्दल म्हटलेलं मला फार आवडायचं. मुखपृष्ठावर चौघी असताना मी तीस-पस्तीस वर्षं एकीचंच पुस्तक वाचत होते.

ज्यो मला अजूनही आवडते. केस कापल्यावर रात्री अंधारात, कुणाला कळू न देता, आपल्या केसांसाठी रडणारी ज्यो तर आता जास्तच आवडते. पण शिबिरात आता मी कुणी कोणासारखं व्हावं हे सांगत नाही. कोण आवडली विचारते, आणि का. गेल्या खेपेला एका मुलीनं सांगितलं, मेग, कारण तिचा मुरंबा बिघडतो तेव्हा ती ओट्यापाशी बसून रडते आणि माझी आईसुद्धा एकदा तशीच रडली होती. आधीच्या वर्षांत मी तिला पुढं बोलू दिलं असतं की नाही, शंका आहे.

मे अल्कॉटचा शेवट सांगायचा राहिला. अर्नेस्ट नीरिकर या स्विस तरुणाशी तिनं लग्न केलं, पॅरिसजवळ संसार मांडला. नोव्हेंबर १८७९ मध्ये तिला मुलगी झाली. मावशीचंच नाव ठेवलं, लुईझा. सात आठवड्यांत मे गेली. मुलगी लुईझाकडे द्यावी अशी तिची इच्छा होती. पुढच्या वर्षी ते दहा महिन्यांचं मूल समुद्र ओलांडून बॉस्टनला आलं, आणि अविवाहित, आजारी, पन्नाशीकडे निघालेल्या मावशीनं ते १८८८ मध्ये स्वतःचे डोळे मिटेपर्यंत वाढवलं. मुलीला घरात लुलू म्हणत. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे ज्योनं ॲमीची मुलगी सांभाळली?” मी हो म्हटलं. तिनं लगेच फोन करून ते आपल्या आईला सांगितलं.

भाचीला पोचवायला गेले तेव्हा मी बहिणीशी बोलले. रात्री, मागच्या अंगणात, भांडी झाल्यावर. ओसरीवरचं बोलणं सांगितलं, ते तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. मी चुकले म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “चुकलीसच.” आणखी काही वेळानं म्हणाली, “ताई, मी ते पुस्तक कधी वाचलंच नाही. आपलं काय लिहिलंय ते तू सांगितलं होतंस ना.”

माझी बक्षिसाची प्रत मी तिला पाठवून दिली, शाळेच्या शिक्क्यासकट. ती सावकाश वाचते. दुपारी दोन-चार पानं, मग डोळा लागतो म्हणते. काल फोन आला होता. लिंबांपर्यंत आली आहे. त्या मास्तरांवर फार चिडली होती. चोवीस लिंबं, म्हणाली, आणि एकही चाखू दिलं नाही कुणाला. हसत होती.

पुढचं प्रकरण वहीचं आणि बर्फाचं आहे. मी काही बोलले नाही.